काप

आईच्या शिवणाच्या डब्यातली पिवळी फीत
आता माझ्या पिशवीत असते.
सर्जेकोटला पहाटे ट्रॉलर लागले
की मी उकिडवी बसून
मुशी मापते, नाकाडापासून शेपटीपर्यंत,
वहीत लिहिते: जात, लांबी, नर की मादी.
"काय गो हेमांगी, तेंका झबली शिवतलंस?"
पांडल्या खवळे रोज विचारतो.
रोज सगळे हसतात. मीसुद्धा.

माझ्या जन्मानंतर बारा दिवस
घरात मोरीचं सार होतं.
मोरीनं बाळंतिणीला दूध येतं, सुईण म्हणाली होती.
म्हणजे मी प्यायले ते
कुणाचं तरी पिल्लू होतं.
वहीत याला रकाना नाही.

बाबा तेव्हा पर कापायचे.
पाठीवरचा एक, छातीचे दोन, शेपटीचा खालचा.
शेट यायचा, पर उन्हाकडे धरून बघायचा
खोटी नोट ओळखावी तसा.
मांस चिकटलेलं दिसलं की भाव खाली.
सरळ काप चालत नसे, अर्ध्या चंद्राची लागे,
आणि ती बाबांची: एका दमात,
मनगट न उचलता.
कौलांवर एकीकडे पर, एकीकडे आईचे पापड.
कावळ्यांना दोन्ही सारखंच.
माझ्या कानातल्या रिंगा त्यातूनच आल्या.
पुढे कुणीतरी सांगितलं,
त्या सुपात पराला चव नसतेच,
चव कोंबडीची घालतात.
बाबा हसले.
मग जेवण होईपर्यंत बोलले नाहीत.

यंदा चैतातल्या ओहोटीला
तळाशीलच्या रेतीवर कानमुशी आली.
आली म्हणजे, पाण्यानं आणून टाकली.
बाह्या उसवलेल्या झग्यासारखं अंग.
एकही पर नाही.
कल्ले उघडत होते, मिटत होते.
पोहली तरच श्वास, अशी तिची जात.
मी सवयीनं फीत काढली.
दीडशेची फीत, दोनदा लावावी लागली.
दोनशे अठ्ठेचाळीस. मादी.

बाबा गुडघ्यांवर बसले.
जखमेच्या कडेनं बोट फिरवलं,
ओळखीचं अक्षर वाचावं तसं.
"हात माझोच," म्हणाले.
थोड्या वेळानं:
"माझो म्हंजे, मी शिकयलेलो."
नाव घेतलं नाही. मी विचारलं नाही.
गणपतीत तो आमच्याकडेच जेवतो,
मोदक मोडण्याआधी बाबांच्या पाया पडतो.

मग तिचं पोट हललं.
बाबांनी हात पुढे केला,
पांडल्यानं सुरी दिली, तोंडातून शब्द न काढता.
किती वर्षांनी धरली असेल.
या वेळी मनगट थरथरत होतं.
पिल्लं निघाली, दोन दोन वितींची,
कान मागे दुमडलेले,
निघताना आईला लागू नये म्हणून.
कुणी बादली आणली, कुणी लुंगीचा ओचा केला.
एकवीस होती. चौदा पोहली.
त्यातली दोन
बराच वेळ आमच्या पायांभोवतीच फिरत राहिली.
शेवटचं बाबांच्या तळव्यावर होतं.
कमरेभर पाण्यात उभे राहून ते वाट बघत होते
त्याचे कान उलगडायची.
पाठीवरचा पर पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढा.
त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला,
सवय असेल, किंवा दुसरं काही,
आणि हात खाली घेतला.

ती मात्र तोवर थांबली होती.

"लिही," बाबा किनाऱ्यावर येऊन म्हणाले.
"कारण काय लिहू?"
त्यांनी लुंगी पिळली. पुन्हा पिळली.
"काप लिही. कोणाची ता मी सांगतंय बंदरार.
आधी तेच्या घराकडे जाऊन येतंय."
भरउन्हात गेले, चप्पल रेतीतच राहिली.

संध्याकाळी आईनं फीत मागितली.
त्याची बायको बाळंतीण आहे,
पोरीला झबलं शिवायचं होतं.
मी फीत तीनदा धुतली,
मग दिली.