एका किंकाळीचे तीनशे

अमळनेरला, सरकी-पेंडीच्या दुकानावर
इरफान पिंजारीची आवाज भरायची खोली आहे.
भिंतींना त्याच्या अब्बांच्या गाद्या ठोकल्यात,
हातानं पिंजलेल्या.
आता गादी कुणी भरून घेत नाही,
म्हणून त्या उभ्यानं ऐकत राहतात.

मी खाली ब्लाउज शिवते.
सिनेमात घाबरायची वेळ आली
की इरफान जिन्यावरून हाक मारतो.
तोंडातल्या टाचण्या काढून मी वर जाते,
ओरडते, खाली येऊन बाही जोडते.
एका किंकाळीचे तीनशे,
रडण्याचे दीडशे. हुंदका त्यातच.

या खेपेचं भूत मोबाइलमधलं.
एका पोरीकडे रात्री कुणीतरी मैत्री मागतो, ती देते.
मग तो तिच्या जुन्या फोटोत मागच्या रांगेत दिसू लागतो,
आणि शेवटी चार्जरच्या वायरीतून
काळ्या पाण्यासारखा ठिबकत घरात येतो.
मला हसू आलं. वायरीतून?
आमच्याकडे तर तिच्यातून वीजही धड येत नाही.

सुदर्शन भदाणे, दिग्दर्शक, एरवी बियाण्यांचा एजंट,
म्हणाला, ताई, 'आई गं' नको.
ते पुण्याचं घाबरणं. आपलं पाहिजे.

मी डोळे मिटले.
कापडण्याचं घर, ओसरीत छातीएवढा कापूस,
त्यात लोळणारी सहा वर्षांची मी,
आणि पोटरीला विंचू.
माय वं!
सातव्या खेपेला बरोबर निघाली,
शेवटी जराशी उसवलेली.
खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
इरफाननं पंखा लावला.

ती तुकड्यात टाकली त्यांनी, जाहिरातीच्या.
चाळीस हजार लोकांनी पाहिला म्हणे.
माझ्या मायकडे बटणांचा फोन.
तिनं नाही पाहिला.

पौषात, पहाटे चारच्या आत,
मायचा फोन वाजला.
आधी मी: माय वं!
मग एक मऊ आवाज, मावशी घाबरू नका,
मी दवाखान्यातून बोलतोय.
तिनं शेजारच्या पोराला उठवलं.
मोतीबिंदूसाठी ठेवलेले अठरा हजार
त्याच्या मोबाइलमधून गेले,
तो तोंड धुऊन येईपर्यंत.

नंतर मी पुन्हा पुन्हा विचारलं,
तुला कळलं कसं नाही?
ती म्हणाली, विंचू चावला तेव्हा
मीच धावत आले होते ना.

ठाण्यातल्या साहेबांनी तो तुकडा दोनदा ऐकला.
आवाज तुमचाच?
माझाच.
पैसे घेऊन दिलेला?
घेऊन.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, मग काढलं,
आणि चहा सांगितला.

तेव्हापासून मायनं फोन डब्यात ठेवलाय,
ज्वारीच्या.
म्हणून आज एसटीनं आले,
डोळ्यांचे पैसे ब्लाउजमध्ये खोचून.
दाराला आतून कडी.

कोन शे?
मी शे, माय.
तीबी आशीच बोलनी व्हती.

उन्हात उभी आहे मी. शेजारीण बघतेय.
दारापलीकडे तिचा श्वास, तिच्या बांगड्या.
मंग शेयीनं नाव सांग, ती म्हणते.
तिचं दूध पिऊन वाढनी ना तू?

शेळी आठवते. काळी, डावा कान फाटलेला,
दूध काढताना मागचा पाय उचलायची,
बाभळीच्या शेंगांचा तिच्या तोंडाला वास.
नाव येत नाही.

मी शे, मी शे, म्हणत राहते,
आणि ऐकू येतं
की हे तर त्या भुताचं वाक्य आहे,
दाराबाहेरून, पोरीच्याच आवाजात,
शेवटून दुसऱ्या प्रसंगातलं.
तेही मीच भरलंय.
त्याचे भदाण्यानं वेगळे दिले नव्हते.

डावा कान फाटलेला, माय.
कुत्र्यानं फाडला होता. पोळ्याच्या दिवशी.
थांब जरा,
नाव सांगते.