डावा हात खिशात

दोनशे बारा कंडेन्सर.
काही नागभीडच्या भंगारातले, काही राइस मिलचे,
आणि उरलेले
चिंधू फोटोवाल्याच्या मेलेल्या फ्लॅशगनांच्या पोटातले.
अर्ध्या तालुक्याच्या लग्नांचा उजेड
आमच्या कोठीत, कोंड्याच्या पोत्यांशेजारी,
मोहाच्या फळ्यांवर ओळीनं उभा.

धनपाल मोटारी भरतो. बारावी नापास.
पण कंडेन्सर निवडायला बसला
की सोयरीक जुळवणाऱ्यासारखा नाक खुपसतो:
दाब सारखा पाहिजे, वय सारखं पाहिजे,
एक जरी आतून फुगलेला निघाला
तर सारी भावकी त्या एकावर धावून जाते.

माझ्या आंदणातली घागर त्यानंच कापली.
विचारून कापली, हे खरं.
"तार नोको," म्हणाला, "इजेले वळन आवडत नाई.
रुंद पट्टी पायजे, आखूड."
घागरीचा गळा मात्र ठेवला.
तो खुंटीला आहे. त्यावर आईचं नाव आहे,
ठोक्याठोक्यानं कोरलेलं.

"हे कायच्या कामाचं?" सासूबाईंनी विचारलं.
यानं पाणी चढत नाही, दिवा लागत नाही,
धान भरडत नाही.
"मा, एकडाव पाह्यजो," धनपाल म्हणाला.
बस, एवढंच कारण.
मला ते पुरलं. का, ते सांगता येत नाही.

माझं काम काठीचं.
वाळल्या वेळूच्या टोकाला तांब्याचा आकडा,
आकड्याला जाड तार, तारेचं दुसरं टोक
मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरलेलं.
आणि भिंतीवर त्यानं गेरूनं लिहिलेला नियम:
डावा हात खिशात.
दोन्ही हात लागले तर वाट छातीतून जाते.

साडीला खिसा कुठला?
रोवणीला घालते तो त्याचा जुना शर्ट
साडीवर चढवला,
त्याला डावीकडून उशीच्या अभ्र्याचा खिसा लावला.
हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा खोल.

लाईन रात्री अकराला आली.
बल्ब आधी भडक, मग पिवळा,
मग विडीच्या टोकाएवढा लाल.
ते भरत जातात तसा तो विझत जातो.
काटा चढला. दोनशे. अडीचशे. तीनशे.
बाजूच्या म्हशीनं रवंथ थांबवला
की मलाच तसं वाटलं.

जर्मनचा गिलास आट्यांच्या मधोमध.
"मांगं सरक."

आवाज मी ऐकला तो कौलांवरून परत आलेला.
धुरळा बसत होता,
आणि गिलास कमरेत आवळला गेलेला,
डमरूसारखा,
कुणाचं बोटही न लागता.
हातात घेतला तर कोमट.
तीन मिनिटं भरलं होतं.
संपायला पापणी लवण्याएवढाही वेळ लागला नाही.

सासूबाईंनी गिलास उलटासुलटा केला.
"आता यात च्या कमी बसन," म्हणाल्या,
आणि निजायला गेल्या.

मी काठी टेकवली. चट्.
पुन्हा टेकवली. काही नाही.
काटा शून्यावर.

सकाळी कोठी झाडताना
काय मनात आलं, काठी परत लावली.
चट्.
तांदळाच्या कणीएवढी, निळी.

धनपाल राखुंडीच्या तोंडानं म्हणाला,
"राह्यते थोडं. वरचं सारं काढलं तरी
आतल्या कागदात मुरलेलं असते,
रातभर हळूहळू वर येते.
म्हून मोकळं ठिवू नाई.
दोन्ही टोकं बांधून ठिवा लागते."

आईला जाऊन अकरा वर्षं.
तेराव्याच्या दिवशी भांडी घासून पालथी घातली होती,
तेव्हाच सगळं झालं, असं मी धरून होते.

हातभर तार तोडली, दातांनी सोलली.
डावा हात खिशात ठेवून
गाठ बसत नाही.
त्याला हाक मारली.
तोही आला, डावा हात पायजम्याच्या खिशात.
दोन उजव्या हातांना
एक गाठ मारायला
बराच वेळ लागला.