वाजवून बघणारा

मी घरं वाजवून बघतो.
स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचा, मुठीकडून,
आणि चौकटीवर, तुळईवर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर
ठक् ठक्.
जुना सायप्रस खणखणीत उत्तर देतो.
वाळवीनं खाल्लेला
बद्द,
तडा गेलेल्या मडक्यासारखा.

सत्तावीस वर्षं झाली.
या बायूच्या दोन्ही काठांवर
विटांच्या खांबांवर उभं असलेलं एकही घर नाही
ज्याच्या पोटाखाली मी सरपटलो नाही.
लुइझियानात आम्ही माणसांना दारातून ओळखतो,
मी खालून.

मे महिन्यात, वारा पडलेल्या दमट रात्री,
तिला पंख फुटतात.
मग अख्खी गल्ली दिवे मालवते,
बेसबॉलचा खेळसुद्धा मध्येच थांबतो,
आणि आम्ही अंधारात चाचपडत भात जेवतो.
सकाळी खिडकीच्या कडेला
कांद्याच्या सालीहून पातळ पंखांची रास.
पंख टाकले म्हणजे समजावं,
पाहुणे राहायला आलेत.

ओझेलिया व्हेरेट, वय एक्क्याऐंशी,
फोनवर म्हणाली, घर नको, झाड बघ.
ओक. तिच्या घराहून वयानं थोरला.
एक फांदी निजायच्या खोलीच्या छपरावर,
झोपलेल्या माणसावर हात टाकावा तशी.
ह्यूस्टनहून मुलगा म्हणतो, पाड.
विमा कंपनीचं तिसरं पत्र, पाडा.
शेजारचा टेलेस्फोर तर
चेनसॉमध्ये तेल भरूनच बसलेला.

लाकडी मोगरी घेऊन मी बुंध्याभोवती फिरलो.
ठोकायचं, कान लावायचा, पुन्हा ठोकायचं.
साल ओलसर, मुंग्या आपल्या वाटेनं.
झाड भरलेलं होतं. मुळापर्यंत भरलेलं.
तसं सांगितलं. तिनं कॉफी दिली.

आणि निघता निघता, निव्वळ सवयीनं,
तिच्या पुढच्या दाराच्या चौकटीवर एकदा.
बद्द.
वर, हात पोचेल तिथवर. बद्द.
अंगठा टेकवला तर आत गेला.
लाकूड केव्हाच संपलं होतं,
नुसता पांढरा रंग उभा होता.

ती म्हणाली,
क्लोविस गेला त्या हिवाळ्यापासून
हे दार रात्री आपोआप उघडतं.
मला वाटायचं, तोच.

यावर काय बोलणार?
मी वहीत लिहिलं: चौकट, पुढची, दोन्ही अंगं.

जूनभर काम चाललं.
घराभोवती हात-हातभर अंतरावर भोकं, त्यात औषध.
नवी चौकट. वासे भिंतींना पोलादी पट्ट्यांनी बांधले.
खिडक्यांच्या फळ्या माळ्यावरून काढल्या,
प्रत्येकीवर खडूनं क्लोविसचं तिरपं अक्षर:
स्वयंपाकघर, डावी. न्हाणी. हिला दोन स्क्रू जास्त.
तिनं पुसू दिलं नाही.
झाडाच्या चार वाळक्या फांद्या तेवढ्या उतरवल्या.

वादळ ऑगस्टच्या शेवटी आलं, रात्री दोनला.
वाऱ्यानं सगळा गाव वाजवून बघितला,
घरन् घर,
माझ्याहून तयार कानाचा तो.
जे जे बद्द होतं ते उचललं.
टेलेस्फोरची शेड बायूत, चेनसॉसकट.
माझी मागची ओसरी गेली;
सत्तावीस वर्षांत तिला मी
एकदाही ठोकून पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, पाणी गुडघ्याखाली आल्यावर,
ओझेलियाकडे गेलो.
छपराची पाच-सहा कौलं नव्हती.
ओकची निम्मी पानं गेलेली,
पण फांदीचा हात होता तिथेच.
घर जागचं हललं नव्हतं.

ती दारातच बसली होती, फळीवर पाय वर घेऊन.
काम चांगलं केलंस, म्हणाली.
दार आता गच्च बसतं. वादळातही उघडलं नाही.
मग बराच वेळ गप्प.
मग, माझ्याकडे न बघता,
थोडं सैल करून देशील?

मी गाडीतून रंधा आणला.
कडेवरून दोन हात फिरवले.
जास्त नाही.