डिपरॉड

टँकर रात्रीच येऊन थांबलाय गेटाबाहेर,
पहिल्यांदाच रिकामा.
भोसरी, डब्ल्यू ब्लॉक, डिसेंबरातली पहाट.
केबिनमध्ये अत्तार कानटोपी ओढून झोपलाय.
आडनाव अत्तार, आणि वीस वर्षं वाहिला त्यानं
साबणालाही न जुमानणारा हा वास.

उरलेलं फर्नेस ऑइल परत न्यायचंय.
पण या थंडीत ते हलत नाही,
गुऱ्हाळात थिजलेल्या काकवीसारखं
पाइपच्या तोंडाशी येऊन विचारात पडतं.
जायचं म्हटलं तरी आधी तापावं लागतं त्याला.
मी टाकीचा हीटर लावते.
पंचावन्न. त्याच्या पुढं नाही.

"सहासष्टला त्याची नि ठिणगीची ओळख होते,"
शिरसाटमामा म्हणायचे,
"आपण मधे पडून सोयरीक जुळवायची नाही."
आयटीआयमधून नवी आले होते मी.
मामांनी पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही,
फक्त अर्थिंगचा चिमटा हातात दिला.
आधी चिमटा, मग होज.
मालक ओरडू दे, सायरन वाजू दे,
आधी चिमटा.

मॅनहोलमधून वाकून बघायचं नाही.
आत काय आहे ते रॉड सांगेल.
सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर ठीक,
तरी वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं.
आणि वास यायचा अचानक थांबला, पोरी,
तर वास गेलेला नसतो,
नाक गेलेलं असतं.
तेव्हा पळ.

मी वहीत लिहून घेतलं होतं सगळं.
आग लागली तर पाणी नको:
पाणी तळाला जातं, उकळतं,
आणि अख्खी टाकी अंगावर घेऊन वर येतं.
फोम. सांडलं तर वाळू.
गटारीकडं एक थेंब नको, खाली नदी आहे.
हात रॉकेलनं धुवायचे नाहीत.
(मामा स्वतः रॉकेलनंच धुवायचे.
लेकीच्या लग्नात हळद लावताना
भेगांतून काळी नक्षी दिसत होती,
व्याही बघत होते, मामा हात मागं घेत नव्हते.)

लाइनच्या हीटरमध्ये शंभरापर्यंत चढलं
की बर्नरच्या टोकाशी हेच जड डांबरट तेल
धुकं व्हायचं.
कमी तापलं तर चिमणी काजळी ओकायची
आणि शेजारच्या कंपनीतून फोन यायचा.
नीट जमलं तर भट्टीत पिवळी, स्थिर ज्योत,
आणि लोखंडाचा ठोकळा
आधी जांभळट, मग तांबडा, मग
पिकल्या संत्र्यासारखा.
हातोड्याखाली त्याचा क्रँक व्हायचा,
कुठल्या कुठल्या शिवारात ट्रॅक्टर चालायचे.
तेलाचं नाव कुणी घेत नसे.

आता पिवळी पाइपलाइन आली आहे.
गॅस. काजळी नाही, गंधकाचा धूर नाही,
डिप घ्यायचा नाही. मीटर आहे.
चांगलंच आहे.
माझ्या छातीला तर फारच चांगलं आहे.

दुपारी पंप हवा खायला लागला.
मी शेवटचा डिप घेतला.
पितळेचा लोळक तळाला टेकला, ठक्.
टोकाची पेस्ट दोन बोटं लाल: पाणी.
वर काळं. एकूण अकरा सेंटिमीटर,
पंपाच्या तोंडाला न लागणारं,
खडकवासल्याच्या बातमीत असतो तसा
मृतसाठा.
तो काढायला उद्या माणसं येतील,
आधी हवा तपासतील, मग दोर बांधून उतरतील.
मी उभी राहणार आहे वर, दोर धरून.

रजिस्टरमध्ये आकडा लिहिला.
मागच्या पानांवर मामांचे सात, मान मोडलेले.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.

अत्तार खाली उतरला, चिमटा स्वतःच काढून
माझ्या हातात दिला.
"आता दुधाचा टँकर चालवतो म्हणतो."
"वासाचं काय?"
तो हसला. "दूधवाल्यानं तेच विचारलं."

चहा येईपर्यंत मी रॉड पुसत बसले,
चिंधीनं, वरून खाली,
आकडे दिसेपर्यंत.