दोन बोटं

बेलापूरला, पाचव्या मजल्यावर, सकाळपासून
आम्ही समुद्राच्या गरजा ठरवतो आहोत.
म्हणजे आमच्या.
समुद्राला काय हवं, असा रकाना तक्त्यात नाही.

पाण्याची पातळी : किती वेळा? दर तासाला.
किती अचूक? सेंटिमीटरभर चालेल,
मिलिमीटर मिळाला तर सोनं.
किती वर्षं?
इथे सगळे जरा गप्प होतात.
तीस, कुणीतरी म्हणतं. सलग.
'सलग'खाली डॉ. कुरियन दोनदा रेघ मारतात
आणि चहा येतो.

तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू.
प्रत्येकाला तीन आकडे :
याच्या खाली नकोच, एवढं तरी हवं, आणि मिळालंच तर.
नौपाड्यातली माझी आत्या स्थळं बघताना
अशाच तीन ओळी आखायची.

दुपारी मूल्यमापन. आहे ते कितपत पुरतं?
पडद्यावर दिवाळ्याच्या धक्क्यावरचा खांब येतो,
त्याची लांबलचक हिरवी ओळ.
सत्त्याण्णवचे ते पंधरा दिवसही हिरवे,
जेव्हा यंत्राचा तरंगता डबा फुटला
आणि पट्टीवरचं पाणी माणसानं वाचलं.
"निरीक्षक : टिपणीस," नवा मुलगा वाचतो,
"मॅडम, आडनावच कामाचं तुमचं!"
सगळे हसतात. मीही.

भांगाची ओहोटी होती, सुस्त.
खांबाला बांधलेली जोमा नाखव्याची होडी,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही, बॅटरी.
दोनला वाचलं : २.५८.
चारला वाचलं : २.०६.
मधे मी झोपले.
कारण काही नव्हतं. घरी कुणाला ताप नव्हता,
वादळ नव्हतं. झोप आली.

बेरीज केली, दोनने भागलं, २.३२ आलं.
आणि मी लिहिलं २.३१.
तो एक सेंटिमीटर
खरं वाटावं म्हणून.

उजाडताना विडी विझवत जोमा म्हणाला,
"बाय, तिनाला पानी वर आयलता. दोन बोटां."
ओहोटीत? मी हसले.
ओहोटीत पाणी वर येत नाही, नाखवा.
तो होडीतलं पाणी उपसत राहिला.

त्यानंतर किती चाळण्या लागल्या त्या वहीला.
२.३१ सगळ्यांतून अलगद खाली आला.
खरा असता तर कदाचित
कुठेतरी अडकला असता.

मी हिशेब करून पाहिलाय.
तो काढला तरी वर्षांचा चढ तसाच राहतो,
दशांशानंतर सहाव्या घरात थोडी धूळ हलते.
म्हणजे गप्प बसायला वाव आहे.
वाव. जोमा खोली वावांत मोजायचा,
दोन्ही हात पसरून, दोरी छातीला लावून,
आणि तळ लागला की आकडा न सांगता थुंकायचा.

लांबून एखादी बार्ज गेली असेल.
कुठे दूर काही हललं असेल, मोठं,
आणि त्याचं एवढंच टोक इथवर पोचलं असेल.
किंवा विडीचा धूर त्याच्या डोळ्यांत.
विचारायचं कुणाला? जोमा जाऊन नऊ वर्षं झाली.
खुटा आहे त्याचा, कालवं धरलेला.

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर
मी ती ओळ उघडते. त्या तासाचा हिरवा काढते.
शेऱ्यात लिहिते :
निरीक्षक झोपली होती. २.३१ तिने बनवला.
नाखव्याच्या सांगण्यानुसार पाणी दोन बोटं वर.

एकक निवडा, संगणक म्हणतो.
मीटर. सेंटिमीटर. मिलिमीटर.

मी टेबलाच्या कडेला
माझी दोन बोटं आडवी ठेवते, पट्टी शोधते.
जोमाची बोटं जाड होती.