तारांकित प्रश्न

चोपडा–जळगाव, सव्वासातची गाडी.
खिडकीवर झिजलेली अक्षरं: आमदारांसाठी राखीव.
एकोणीस वर्षं कंडक्टरकी केली, त्या सीटवर
आमदार पाहिला तो एकच, तोही पडल्यावर.

हिलाल आप्पा अडावदला चढतात,
मी न मागता पास दाखवतात.
दोन टर्म. तिसऱ्यांदा दोनशे बारा मतांनी गेले;
आकडा सांगतात, जन्मतारीख सांगावी तसा.

पासामागे घडी घातलेला कागद आहे.
सभागृहात त्यांनी विचारलं होतं:
वरल्या पाड्याच्या दवाखान्यात डॉक्टर नाही,
हे खरे आहे काय?
उत्तर छापून आलं.
(१) हे खरे आहे.
(२) कार्यवाही सुरू आहे.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

आज सीटवर एक पावरा बाई,
मांडीवर तापानं फणफणलेलं पोर.
मी म्हटलं, बाई, उठा, साहेब आलेत.
आप्पांनी माझा खांदा दाबला.
"बठ वं माय. कथी चालनी?"
"सिव्हिल."

पुढं कुणी काही बोललं नाही.
विदगावच्या पुलापर्यंत आप्पा उभे राहिले
दांडी धरून,
या खेपेला कुणाच्या विरोधात नाही.
पोरानं डोळे उघडले का,
गर्दीत मला दिसलं नाही.