बिजागरी, आवृत्ती सी

कूसामोहून ताउनोचा फोटो आलाय.
उणे बत्तीस. अंगठ्याएवढी भेग,
लाकूडतोड्या यंत्राच्या दरवाज्याची बिजागरी
मधोमध दुभंगलेली,
आणि खाली ओळ, हातमोजे न काढता टंकलेली:
"पार्टट पाठववा. ड्रायव्हरर गारठलाय."

मी इथे लापुआत, दुसऱ्या मजल्यावर,
दुपारी तीनलाच अंधारलेल्या खिडकीशी.
बिजागऱ्या करणं माझं काम नाही.
कुणाला काय दिसावं, एवढंच मी ठरवते.

चाळीस, सत्तर, अठरा. हा तिचा क्रमांक.
तूरेच्या पडद्यावर ती हवेत तरंगते,
करडी, बिनवजनाची.
सराफाकडे अंगठी निरखावी तशी
तो तिला फिरवून फिरवून पाहतो.
त्याच्या पडद्यात हवामान नसतं.
अन्नुक्काकडे ती चार युरो दहा सेंट,
एस्टोनियातून मागवली तर तीन साठ, सहा आठवडे.
आकार विचारलात तर म्हणेल, कसला आकार?
खाली जोडणीत हेइमो अजून कागदच छापून घेतो,
पडद्याला ग्रीस लागतं म्हणे,
आणि किती आवळायचं, तेवढाच आकडा
त्यानं लाल पेनानं गोल करून ठेवलाय.
पिर्कोच्या यादीत ती तक्रार क्रमांक नऊ.
कायद्याचं बघणारी ती नवी मुलगी
(नाव दरवेळी विसरते मी)
तिला फक्त शिशाचं प्रमाण हवं असतं.

एकच लोखंड,
पाच घरी पाच नावांनी नांदतंय.

आज मी सगळ्या चाळण्या काढून टाकल्या.
किल्ली माझ्याकडेच असते, सहसा वापरत नाही.
आवृत्ती बी-च्या खाली, टिपांच्या रकान्यात,
अकरा वर्षांपूर्वीची तारीख:
"ओतीव माल पंचविसाच्या खाली ठिसूळ होतो.
उत्तरेला घडीवच द्या. स्वस्तात जाऊ नका.
— ऐमो लेपिस्तो."

हा रकाना अन्नुक्काला दिसत नाही.
एका मार्चमध्ये ती माझ्या टेबलाशी आली होती,
कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन.
म्हणाली, हिल्क्का, किती गं हे रकाने,
डोळे दुखतात.
मी लपवला. दोन क्लिक.
पाव छान होता.

त्यात फाइलला कुलूप.
"संपादनासाठी घेतली: ऐ. लेपिस्तो, चौदा जून."
म्हणजे सी-ला तो हात घालणार होता.
निवृत्तीच्या दिवशीच उघडली असणार,
मग कुणीतरी केक कापायला हाक मारली असेल.
सप्टेंबरात आम्ही त्याला माती देऊन आलो.
हेइमो टोपी हातात घेऊन उभा होता,
टोपीखाली त्याला इतकं टक्कल आहे
हे मला तेव्हा कळलं.
यंत्रणेला कुणी कळवलं नाही.
तिच्या लेखी ऐमो अजून
त्याच बिजागरीवर बसलाय.

तूरे दोनदा डोकावून गेला: तोडलंस का कुलूप?
बटणाला हात लावला की ते विचारतं:
"या व्यक्तीने न साठवलेले बदल नष्ट होतील.
पुढे जायचे?"

त्याचा लॅपटॉप केव्हाच पुसून
एका शिकाऊ पोराला दिलाय.
नष्ट व्हायला काही उरलेलं नाही, मला माहीत आहे.
तरी त्या "पुढे"वर
बोट जड होतं.

ताउनोचा दुसरा निरोप. आता हातमोजे नाहीत:
"दरवाजा पट्ट्यानं बांधलाय. सोमवारपर्यंत चालेल."
सोमवारपर्यंत.

कुलूप उद्या तोडेन.
आज मी रकाना उघडला, सगळ्यांसाठी.
पाच मिनिटांत अन्नुक्का:
"माझा पडदा बिघडलाय का? शेवटी काहीतरी भलतंच आलंय."
मी लिहिलं, उजवीकडे सरकव.
अजून.
अजून थोडं.